सुकन्याच्या गळ्यातली पाटी

"व्हॉट डिड यू से?" मी ओरडले.

शाळेच्या फाटकाशी सुकन्या मेरगू जागच्या जागी थांबली. चौथीतली पोरगी, दोन घट्ट वेण्या, हातात कालचा रिकामा डबा. फाटकापलीकडं तिची आई राजमणी, डोक्यावर विड्यांची टोपली. ती आजचा डबा देऊन कारखान्याकडं निघाली होती आणि कालचा द्यायचा राहिला म्हणून सुकन्यानं तिला हाक मारली होती, "अम्मा, आगु, आगु!" म्हणजे थांब, थांब. बस, एवढंच. पण तेलुगूत, आणि शाळेच्या आवारात.

"काय बोललीस ते इंग्लिशमध्ये सांग," मी म्हटलं. हे मी मराठीत म्हटलं, पण ते तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

तोवर माझ्या वर्गातली पोरं गोळा झालीच. "टीचर, तेलुगू! टीचर, मेरगू तेलुगू बोलली!" चहाडी करायला पोरांना फार हुरूप असतो. कुणीतरी वर्गात पळत जाऊन पाटी घेऊन आलं. मी ती सुकन्याच्या गळ्यात घातली, नाडी वेण्यांच्या खालून नीट ओढून घेतली आणि पोरांकडं बघून म्हटलं, "क्लॅप!" सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

फाटकाबाहेर राजमणी उभीच होती. तिनं हे सगळं पाहिलं आणि चक्क हसली. टोपली एका हातानं सावरत दुसरा हात कपाळाला लावून तिनं मला नमस्कार केला आणि झपाझप चालू लागली. मला नवल वाटलं. पोरीची अशी शोभा होतेय आणि ही बाई हसते काय! म्हटलं, काय की बाई, असेल एकेकाचा स्वभाव.

ती पाटी आमच्या प्रिन्सिपल निंबर्गी मॅडमनी आणली होती. पुण्याच्या कुठल्याशा शाळेत त्यांनी तसं पाहिलं होतं. प्लायवुडचा हातभर नाही, वीतभर तुकडा, त्यावर लाल रंगात इंग्रजी अक्षरं, 'आय डिड नॉट स्पीक इंग्लिश टुडे'. आवारात जो दुसऱ्या भाषेत बोलेल त्याच्या गळ्यात ती घालायची. त्यानं दुसऱ्या कुणाला पकडून दिलं की पाटी त्या दुसऱ्याच्या गळ्यात. शाळा सुटताना ज्याच्याकडं राहील त्यानं ती घरी न्यायची, दुसऱ्या दिवशी गळ्यात घालूनच यायचं. आणि घालताना वर्गानं टाळ्या वाजवायच्या, म्हणजे जरा लाज वाटावी.

मी बार्शीची. शिक्षण सगळं मराठीतून, एम. ए. मात्र इंग्रजी घेऊन, म्हणजे नोट्स पाठ करून. बार्शीला दोन वर्षं शिकवलं होतं आणि तिथं माझं बरं चालायचं. धडा वाचायचा, त्याचं मराठी सांगायचं, पोरांनी माना डोलवायच्या. सोलापुरात पूर्वभागातल्या ह्या शाळेत आले आणि माझी गाडीच अडली. पोरं घरात तेलुगू बोलणार, गल्लीत मराठी, भांडताना हिंदी. मी म्हणायची, "कोबलर म्हणजे चांभार." निम्मा वर्ग माझ्याकडं नुसता बघायचा. मग मागच्या बाकावरून सुकन्या हळूच काहीतरी तेलुगूत कुजबुजायची आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर कळल्याचं दिसायचं. खरं सांगायचं तर त्या कुजबुजीवरच माझा वर्ग चालला होता. पण ते मान्य करायला मन मोठं लागतं. मला वाटायचं, मी बोलतेय आणि ही पोरगी मध्येच माझा तास घेतेय! तिच्या गळ्यात पाटी सगळ्यात जास्त वेळा पडायची ती ह्यामुळं. मराठी बोलणारी पोरं माझ्या कानाला खुपायचीच नाहीत. मला स्वतःलाच इंग्रजीची चार वाक्यं सलग बोलताना घाम फुटायचा, आणि मॅडमच्या पुढं तर ततपप व्हायचं. नोकरी कायम व्हायची होती. म्हणून दुसऱ्यांचं तोंड बंद ठेवायचा मला भारी उत्साह.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सुकन्यानं कुणालाच पकडून दिलं नाही. ती तसं कधीच करायची नाही. एरवी ती पाटी दप्तरात दडवून न्यायची; या वेळी आईनंच फाटकातून पाहिली होती. शाळा सुटली, दसऱ्याची सुट्टी लागली आणि पाटी तिच्याबरोबर घरी गेली.

सुट्टीत एका सकाळी माझ्या खोलीच्या दारात राजमणी उभी. मी साखर पेठेत एक खोली भाड्यानं घेऊन राहत होते. म्हटलं, आली बाई भांडायला. पण तिच्या हातात हळदीकुंकवाची वाटी होती.

"टीचर, आज बतकम्मा हाय आमच्यात," ती म्हणाली. बतकम्मा म्हणजे तेलुगू बायकांचा फुलांचा सण, एवढं मी ऐकून होते. "संध्याकाळी तुमी यायलाच पायजे."

"अहो, मी कशाला? मला तुमच्यातलं काही कळत नाही."

"तसं नका म्हनू. तुमच्याबिगर आमची बतकम्मा हुनारच न्हाई. तुमी सुकन्याला बक्षीस दिल्ता न्हवं?"

"बक्षीस?"

"ते गळ्यात घातलेलं. म्या बघितलं की सोत्ता फाटकातून! सगळे पोरं टाळ्या वाजवूलालते." तिचे डोळे भरून आले होते. "म्या रडत रडतच कारखान्याला गेले, टीचर. बाया इचारूलालत्या, काय झालं गं राजमणी? म्हनलं, माझ्या पोरीला इंग्रजीत बक्षीस गावलं."

मी सांगायला तोंड उघडलं होतं, हे खरं. तेवढ्यात ती पुढं सांगू लागली. नवरा भिवंडीला यंत्रमागावर होता, त्याचे पैसे कधी यायचे, कधी नाही. शाळेची फी थोरले दीर नरसय्या भरायचे. आणि नरसय्यांनी दसऱ्यानंतर सुकन्याचं नाव काढायचं ठरवलं होतं. महापालिकेची तेलुगू शाळा फुकट होती. अर्धा दिवस शाळा, अर्धा दिवस आईजवळ बसून विड्या वळायच्या, चार पैसे येतील.

"त्यांनी म्हनले, एवडी फी भरून पोरगीला काय येतंय? घरात तर इंग्रजीचं एक अक्षर बोलत न्हाई," राजमणी म्हणाली. "आता बक्षीस बघून जरा गप बसलेत. पन मनातून न्हाई. तुमी आज या आनि त्यांच्याम्होरं दोन शब्द चांगलं बोला. टीचरचं ऐकतेत ते."

तेव्हाच सांगायला हवं होतं. दारात आम्ही दोघीच होतो. 'राजमणीबाई, ते बक्षीस नाही, ती शिक्षा आहे,' एवढंच वाक्य. मराठीतलं, सोपं. पण त्या बाईनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि मी म्हटलं, "येते."

दिवसभर मी स्वतःची समजूत घालत होते. जाऊ, राजमणीला बाजूला घेऊ, हळूच सांगू, पाटी पिशवीत टाकून घेऊन येऊ. माणूस पळवाट शोधायला लागला की त्याला फार हुशारी सुचते.

संध्याकाळी गेले. विडी कामगारांची वसाहत, दोन-दोन खोल्यांची बैठी घरं, मधे मोकळी जागा. पलीकडच्या शेडमधून मागांचा खडखडाट चालूच होता. मोकळ्या जागेत बायकांनी आपापल्या बतकम्मा आणून ठेवल्या होत्या. तरवडाची पिवळी फुलं, झेंडू, शेवंती अशी थरावर थर रचून केलेल्या उंच फुलांच्या राशी, आणि शेंड्यावर हळदीची गौरम्मा, म्हणजे गौर. ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या बायका भोवती टाळ्या देत, गाणं म्हणत फेर धरून फिरत होत्या. एक अक्षर कळत नव्हतं मला. पण बघत राहावंसं वाटत होतं, इतकं छान.

आणि मग मला ती दिसली. राजमणीच्या बतकम्माच्या ताटाशेजारी एका पाटावर पाटी उभी केली होती. लाल अक्षरांवर हळदीकुंकू वाहिलेलं, नाडीला झेंडूचं फूल खोवलेलं.

मी मेले असते तर बरं झालं असतं, असं म्हणतात ना, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा खरंखुरं वाटलं.

"टीचर आल्या, टीचर आल्या!" बायकांनी फेर मोडला. कुणी सतरंजी टाकली, कुणी पाणी आणलं, एका म्हातारीनं तर वाकून माझ्या पायाला हात लावला. माझ्यापेक्षा चाळीस वर्षांनी मोठी बाई! मी पाय मागं घेतले, तर म्हणाली, "असू दे, असू दे, विद्या देनारी हाय तू." सुकन्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. नवा परकर-पोलका, डोक्यात शेवंती. ती माझ्याकडं एकटक बघत होती. तिच्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. ती नुसती वाट बघत होती, मी आता काय करते याची.

मी राजमणीला खुणावलं. "जरा आत चला, बोलायचंय."

"आत कशाला? सगळ्यांम्होरं बोला की!" तिनं माझा हात धरला आणि मला पुढंच नेलं. तिथं खुर्चीवर नरसय्या बसले होते. पांढरी विजार, जाड भिंगाचा चष्मा, मागाच्या आवाजानं कान गेलेल्या माणसासारखं मोठ्यानं बोलणं.

"नमस्कार, टीचर. बसा," ते म्हणाले. "बरं झालं आलात. मला एक समजून घ्यायचंय. हे घरात आल्यापासून राजमणी सगळ्या वसाहतीला दाखवत फिरतीय. म्या तेलुगू वाचतो, मराठी पन वाचतो. इंग्रजी येत न्हाई. ह्याच्यावर काय लिवलंय ते जरा वाचून सांगा. बायकांना पन कळू दे."

त्यांनी पाटी उचलून माझ्या हातात दिली.

राजमणी माझ्या तोंडाकडं बघत होती, ओठ थोडे उघडे. आता बोलतील टीचर, आता बोलतील. माझ्या हाताला कुंकू लागलं. खरं वाचावं तर ह्या बाईची इथंच, सगळ्या वसाहतीपुढं माती होणार आणि उद्या पोरीचं नाव शाळेतून कमी होणार. खोटं वाचावं तर... तर काय, खोटंच वाचावं असं मनाशी ठरवतच होते, पण खोटं वाचायलासुद्धा वाक्य लागतं. ना इंग्रजी सुचत होतं, ना मराठी.

"मी वाचते," सुकन्या म्हणाली.

ती चौकटीपासून निघाली, माझ्या हातातून पाटी घेतली आणि सगळ्यांकडं तोंड करून उभी राहिली. अक्षरांखालून बोट फिरवत खणखणीत आवाजात म्हणाली, "सुकन्या इज अ गुड गर्ल. सुकन्या स्पीक्स इंग्लिश एव्हरी डे. हर मदर इज व्हेरी हॅपी."

पाटीवरची अक्षरं संपली तरी तिचं बोलणं संपेना, म्हणून तिनं बोट परत पहिल्यापासून फिरवलं. मग सगळ्यांना तेलुगूत सांगितलं. बायका हरखल्या, हसल्या, कुणी डोळे पुसले. ती वाक्यं पुस्तकात नव्हती, मी शिकवलेली नव्हती, पाठ केलेली नव्हती. इतके महिने घसा फोडून एका पोराकडून मला असं एक वाक्य काढून घेता आलं नव्हतं, आणि पोरीनं उभ्या उभ्या तीन बनवली.

मग तिनं माझ्याकडं मान वळवली आणि मराठीत विचारलं, "बरोबर हाय न्हवं, टीचर?"

"हो," मी म्हटलं. "करेक्ट."

नरसय्यांनी चष्मा काढून पुसला. "मग राहू दे शाळेतच," ते म्हणाले. "दिवाळीनंतरची फी म्या भरतो. काय, टीचर? शिकेल न्हवं पोरगी?"

"शिकेल," मी म्हटलं. एवढं एकच मी त्या संध्याकाळी खरं बोलले.

राजमणीला काय करू नि काय नको असं झालं होतं. तिनं माझ्या हातात मलिद्याची वाटी दिली, आणि घरातून धाकटीला ओढत आणलं. श्यामला, पाच वर्षांची, नाकात चमकी, तोंडभर गूळ.

"ही जूनमधी येतीय तुमच्या शाळेत," राजमणी म्हणाली. "टीचर, तुमच्या हातानं हिच्या गळ्यात एकदा घाला ते. ताईसारकं हिला पन येऊ दे. तुमचा हात लागला म्हंजे येतंय."

श्यामला लगेच माझ्यापुढं आली आणि मान खाली वाकवून उभी राहिली. कोवळी मान, त्यावर पावडर. बायका कौतुकानं बघत होत्या. "घाला, घाला, टीचर." मी वाटी खाली ठेवली. पाटी घेतली. आणि घातली, हो, घातली! नाडी केसांखालून नीट ओढूनही घेतली, शाळेतल्यासारखीच. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

तोवर शांत उभी असलेली सुकन्या एकदम झेपावली. तिनं बहिणीच्या गळ्यातून पाटी हिसकावली. नाडी श्यामलाच्या कानाला करकचली आणि तिनं भोकाड पसरलं. सुकन्या तेलुगूत ओरडत होती. काय ते मला कळलं नाही. 'वद्दु, वद्दु' एवढं कळलं. नको, नको.

बायका खो खो हसल्या. "बघा की! बक्षीस भनीला द्याला जिवावर आलं!" म्हातारी म्हणाली, "लई हावरी गं बाई, थोरली."

राजमणीला माझ्यासमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं. "टीचरम्होरं असं करतेत का?" म्हणून तिनं सुकन्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मग दुसरा. "भनीचं बरं बघवत न्हाई का तुला? आं?"

सुकन्यानं पाटी पोटाशी धरून ठेवली होती. वर्गात तिच्या गळ्यात इतक्या वेळा पाटी पडली, कधी रडली नव्हती. आता रडत होती, आणि रडत रडत माझ्याकडं बघत होती. मी मधे पडायला हवं होतं. 'अहो, मारू नका' एवढं तर कुणीही म्हणतं, परकी बाईसुद्धा म्हणते. मी वाटी उचलली आणि मलिदा खाऊ लागले. सगळा खाल्ला.

निघाले तेव्हा अंधार पडू लागला होता. बायका बतकम्मा विसर्जनाला न्यायच्या गडबडीत होत्या. "सुकन्या, टीचरना चौकापर्यंत सोडून ये जा," राजमणीनं सांगितलं. वर मला म्हणाली, "तिचं मनावर घेऊ नका हां, टीचर. लहान हाय."

आम्ही दोघी चालत होतो. शेडमधले माग मागं पडले तसं गल्लीत शांत वाटायला लागलं. मला काहीतरी बोलायलाच हवं होतं.

"सुकन्या, मी उद्या येऊन तुझ्या आईला सगळं नीट सांगते," मी म्हटलं.

ती थांबली. "नको, टीचर. पेद्दनान्ना फी भरनार न्हाईत मग." पेद्दनान्ना म्हणजे थोरले काका.

"पण आईला कधीतरी कळेलच की."

"आईला वाचता येत न्हाई."

"मग मी काय करू सांग?" शरम वाटते सांगायला, पण मी हे त्या चौथीतल्या पोरीला विचारलं. अगदी मनापासून विचारलं.

तिनं नाक परकराला पुसलं.

"तुमी काय करू नका," ती म्हणाली. "फकस्त श्यामला शाळेत आली की तिच्या गळ्यात घालू नका. तिला इंग्रजी कुठं येतंय? आनि ती लहान हाय. तिला बक्षीसच वाटंल. घालून सगळ्यांना दाखवत हिंडंल ती."

चौकातले दिवे लागले होते. मला म्हणायचं होतं, नाही गं, नाही घालणार, कुणाच्याच गळ्यात नाही घालणार, ती पाटी मी मोडूनच टाकते. पण निंबर्गी मॅडमचा चेहरा डोळ्यापुढं आला, मार्चमध्ये निघणारी कायम नोकरीची ऑर्डर आठवली.

"बघू," मी म्हटलं.

सुकन्यानं माझ्याकडं जरा वेळ पाहिलं.

"गुड नाइट, टीचर," ती म्हणाली, आणि गल्लीत पळाली.